आकडा साठच्या वर

पैज लागली इलाहीच्या चहाच्या गाड्यावर, आणि तिचं खरं कारण म्हणजे भूपाल मगदूमचं तोंड. सकाळी सकाळी एवढं आंबट तोंड करून माणूस चहा पीत असेल, तर त्याला डिवचल्याशिवाय माझा चहा घशाखाली उतरत नाही.

भूपालण्णा माझा भिंतीला भिंत लागून शेजारी. इचलकरंजीत, चांदणी गल्लीत, त्याची सोळा यंत्रमागांची शेड. मी मुरलीधर सातपुते, डॉल्बीवाला. लग्न, गणपती, निवडणूक, जो बोलवेल त्याच्या दारात भिंतीएवढे स्पीकर लावतो. गेल्या गणपतीत माझ्या बेसनं अण्णाच्या शेडला चीर गेली. तेव्हापासून अण्णा माझ्याशी बोलतो ते फक्त भांडायला. त्यात माझी बायको सुलभा त्याच्याच शेडात कामाला. मागाच्या धोट्यात सुताच्या कांड्या असतात, त्या ती भरते. त्यामुळं शेडात झालेलं भांडण घरी येतं आणि घरातलं शेडात जातं.

गाड्यासमोर मजूर अड्डा. रोजच्या कामासाठी माणसं खोरं घेऊन उभी राहतात ती जागा. अड्ड्याच्या डोक्यावर नवाकोरा नाडीचा बोर्ड, आणि त्यावर लाल आकडा. ५८.

"अठ्ठावन्न," अण्णा बशीत फुंकर मारत म्हणाला. "आणि शेजारचा गुजरी पट्टा एकोणसाठ. त्यांच्या खाली आपण. लाज हाय का कुणाला."

"साठ करू की," मी म्हणालो.

"साठ काय तुझ्या बापानं ठेवलाय? माग बंद पडालेत, माणसं घरात बसल्यात. काम कोण देणार, तू?"

"एकालाबी काम न देता साठ करून दावतो. अमावस्येच्या आत."

अण्णानं बशी खाली ठेवली. "इलाही, ऐकलंस न्हवं? एकालाबी काम न देता, म्हणालाय. एकाला जरी दिलं तरी हरला."

इलाहीला असल्या गोष्टी लई आवडतात. त्यानं तिथंच ठरवलं. हरणाऱ्यानं गळ्यात 'मला काम द्या' असा पुठ्ठा घालून, हातात खोरं घेऊन अड्ड्यावर उभं राहायचं. कुणी कामाला नेलं तर सुटका, नाहीतर दुपारपर्यंत तिथंच.

"तुला खोरं माझ्याकडनं," अण्णा म्हणाला.

"तुझा पुठ्ठा मी रंगवून ठेवतो," मी म्हणालो.

आता ही नाडी काय भानगड, ते सांगतो. बोर्डाच्या उद्‌घाटनाला माइक माझाच होता, त्यामुळं मला पहिल्या रांगेत बसून ऐकायला मिळालं. जिल्ह्याच्या नाडी कक्षाच्या इंजिनिअर शर्वरी हेरवाडे मॅडम बोलल्या. मुलगी शिरोळकडची, पण बोलणं पुस्तकातलं.

त्या म्हणाल्या, एखाद्या भागाची तब्येत गाड्या किती विकल्या यावरून कळत नाही. किती हात कामाला लागलेत यावरून कळते. पूर्वी ते बघायला दारोदार माणसं पाठवायचे. बेकार पोरगा लग्न मोडेल म्हणून 'काम आहे' सांगायचा आणि कामावरचा माणूस योजना मिळेल म्हणून 'काम नाही' सांगायचा. वर अहवाल छापून यायला दोन वर्षं. म्हणजे ताप उतरून गेल्यावर थर्मामीटर लावायचा. म्हणून आता विचारायचंच नाही. ऐकायचं.

ऐकायचं कसं, तर रस्त्याखाली इंटरनेटची केबल आहेच. तिच्यात केसासारखी काचेची तार. कक्षातली पेटी त्या तारेत एका टोकानं लेझरच्या उजेडाचे ठोके सोडते. काच कितीही चांगली असली तरी आत बारीक बारीक खोट असतेच, तिच्यावर आपटून थोडा उजेड परत येतो. वर कुणी पाय टाकला की जमीन दबते, तार अगदी नावाला ताणली जाते, आणि परत येणारा उजेड बदलतो. किती वेळानं परत आला यावरून पाय कुठं पडला ते कळतं. म्हणजे अख्ख्या रस्त्याखाली एक लांबलचक कान.

"आणि पावलं खोटं बोलत नाहीत," मॅडम म्हणाल्या. "कामावर जाणारा माणूस रोज एकाच वेळी, एका चालीत जातो. जिथं जातो तिथं पुढं आठ तास यंत्राचा ठोका ऐकू येतो. ज्याला काम नाही तो थांबतो, वळतो, परत येतो. आणि सगळ्यात पक्की खूण म्हणजे उभं राहणं. उभ्या माणसाचं वजन या पायावरून त्या पायावर जात असतं. ते आम्ही मशीनला याच अड्ड्यावर शिकवलं."

जिल्ह्याचे असे छोटे छोटे पट्टे पाडलेले. आमचा पट्टा तीन-साडेतीन हजार कामकरी माणसांचा. शंभरातल्या किती जणांना काम आहे, तो आकडा बोर्डावर. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मी माझ्या बेसच्या पेट्यांकडं बघत बसलो होतो. जमीन हलवायचाच तर माझा धंदा.

माझं गोडाऊन म्हणजे एक बंद पडलेली माग-शेडच. माग कधीच भंगारात गेलेले, नुसती फरशी उरलेली. सुलभाला डबा द्यायच्या निमित्तानं मी अण्णाच्या शेडात गेलो आणि मागाच्या पायाला माइक चिकटवून ठोका भरून आणला. गोडाऊनच्या फरशीवर सोळा बेसपेट्या पालथ्या घातल्या आणि तोच ठोका सोडला. खटाक खटाक. फरशी थरथरायला लागली. धावत चौकात आलो. अठ्ठावन्न. दुसऱ्या दिवशीही अठ्ठावन्न.

सुलभा ताटावर बसल्या बसल्या म्हणाली, "सोळा माग कधी एका ठेक्यात चालतात व्हय? लेझीम हाय का ते?"

चूक माझी डॉल्बीवाल्याची होती. आम्ही सगळ्या पेट्या एकत्र वाजवायला शिकतो, आणि मागाचा एक ठोका दुसऱ्याला जन्मात मिळत नाही. मग मी परत गेलो आणि सोळा मागांचे सोळा ठोके वेगळे भरून आणले. एक मध्येच अडखळणारासुद्धा.

उरली पावलं. बेकार माणसं आमच्या गल्लीत कमी नव्हती. पाच कॅरमबोर्ड मांडले आणि सांगितलं, सकाळी सातला येणार त्याला भडंग आणि चहा फुकट, उशिरा येणाऱ्याला दार बंद. पहिल्या दिवशी वीस आले. तीन दिवसांत ऐंशी. मला वाटलं होतं आवाजाला वैतागतील. उलट बंद मागांवरची ही माणसं त्या खटाक्यात अशी रमली की काय सांगू. मागवाल्यांना आयुष्यभर आवाजात हातवारे करून बोलायची सवय. क्वीन पडली की दोन बोटं कपाळाला, फाऊल झाला की हाताची मूठ. एक म्हातारा तर कोपऱ्यात बसून नुसता झोपायचा. घरात शांततेनं डोळा लागत नाही म्हणाला.

भडंग करायला सुलभाला सांगितलं, तर ती म्हणाली, "ऐंशी माणसांचं फुकट न्हाई करणार. मजुरी लागंल." मलाही चेव आला. शनिवारी सगळ्या कॅरमवाल्यांसमोर, इलाही चहाची किटली घेऊन उभा असताना, मी वाकून तिच्या हातात मजुरी ठेवली. "घ्या मालकीणबाई, हप्त्याचा पगार." सगळे हसले. तीही हसली आणि पैसे कमरेला खोचले.

अमावस्येच्या आदल्या दिवशी बोर्डावर ६१ लागला.

त्या दिवशी आमच्या पट्ट्यात जे झालं त्याला अक्कल हा शब्द लावता येत नाही. फटाके फुटले. गुलाल उधळला. लोकांनी नाडीच्या बोर्डाला हार घातला आणि गुजरी पट्ट्याच्या नाकासमोरून मिरवणूक नेली, अर्थात डॉल्बी माझा. पट्ट्याला काम मिळालं म्हणून सगळ्यात जास्त कोण नाचत असेल, तर ते ऐंशी बेकार. अण्णा स्वतः गुलालात होता. पैज हरल्याचं दुःख आणि गुजरी पट्ट्याला हरवल्याचा आनंद, दोन्ही एकाच तोंडावर मावत नव्हते.

मिरवणुकीच्या तिसऱ्या दिवशी प्रत्येक शेडमालकाच्या फोनवर नाडी कक्षाचा निरोप आला. पट्टा साठच्या खाली म्हणजे मंदीचा पट्टा. मंदीच्या पट्ट्यातल्या मागांना वीज निम्म्या दरानं. आकडा साठ गाठला की सवलत आपोआप बंद. कच्चा आकडा ६१. येत्या सोमवारी सकाळी सात ते नऊ पक्की मोजणी, त्यात साठ राहिले की पुढचं वर्षभर पूर्ण दर.

हा नियम उद्‌घाटनाच्या दिवशी मॅडमनी सांगितला होता. तेव्हा आम्ही सगळे गुजरी पट्ट्याचा आकडा किती ते एकमेकांना विचारत होतो.

दुसऱ्या दिवशी अण्णाच्या शेडात भंगारवाला आला. पूर्ण दराच्या विजेवर विणलेलं कापड विकण्यापेक्षा न विणलेलं बरं, एवढा हिशोब अण्णाला येतो. भंगारवाल्यानं चालू मागावर हातोडी वाजवून बघितली. सुलभानं घरी येऊन हे सांगितलं तेव्हा मी जेवत होतो.

"मग, अण्णा सोमवारी अड्ड्यावर उभा राहणार न्हवं?" मी म्हणालो. सवयीनं हसलोही.

तिनं माझ्यासमोरचं ताट उचललं आणि आत नेऊन ठेवलं. "वीस वरसं मी त्या शेडात हाय. माझ्याबरोबर सात बायका हायत. सोमवारनंतर आमी आठजणी काय करायचं, ते तुमच्या पेटीत भरून आणा."

त्यानंतर ती माझ्याशी बोलली नाही. उपाशी माणूस तडक नाडी कक्षात गेला.

हेरवाडे मॅडमना मी सगळं सांगितलं. पेट्या, ठोके, कॅरम. वाटलं होतं, निदान ठोक्यांच्या डोक्यालिटीला दाद देतील. त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"सातपुते, हे तुम्ही मला सांगितलंच नाही, असं मी समजते. छेडछाड झाली म्हणून नोंदवलं तर तुमचा पट्टा यादीतूनच जाईल. सवलत कायमची बंद."

"मग तुम्ही गपचूप एक आकडा खाली करा की."

"हातानं बदलता येत नाही. लोक खोटं बोलतात म्हणून तर माणसांचं बोलणं आत जायला वाटच ठेवलेली नाही. तुमचं नाही, माझंही नाही."

"बरं, पेट्या बंद करतो. आजच."

"करा. मशीन म्हणेल सुट्टी आहे. तुमच्याकडं अमावस्येला माग बंद असतात, यात्रेला बंद असतात, हे त्याला माहीत आहे. एकदा चालू धरलेली शेड ते पंधरा दिवस तरी चालूच धरतं." त्यांनी चष्मा परत घातला. "तुम्ही फार हुशार आहात. आता जा."

रविवारी इलाहीच्या गाड्यावर सगळे जमले. सोमवारी अण्णानं उभं राहायचं हे ठरल्यासारखंच होतं. मी पुठ्ठा रंगवून ठेवला होता, पण तो बाहेर काढायची माझ्यात हिंमत नव्हती. अण्णानंच मागितला.

"आण इकडं. परवा मला खरंच लागणार हाय तो. आत्तापास्नं सवय करतो." मग माझ्याकडं बघून म्हणाला, "समाधान झालं काय रे डुकरा?"

तेवढ्यात सुलभा आली. गाड्यावर बायका येत नाहीत, ती सरळ मध्ये येऊन उभी राहिली.

"इलाहीभाई, पैज काय होती? एकालाबी काम न देता."

"व्हय वहिनी."

"मला दिलं की यांनी. हप्ताभर भडंगाचं काम. पगार दिला तवा तुम्ही किटली घेऊन समोर हुता."

इलाहीनं माझ्याकडं बघितलं. मी आभाळाकडं.

"घरातलं माणूस धरतात काय कुठं," मी म्हणालो.

"का?" सुलभा म्हणाली. "घरातल्या बाईच्या हाताला कष्ट पडत न्हाईत? पैज तुम्ही हरलाय."

पहिल्यांदा कोण हसलं ते कळलं नाही, पण मग गाडा हलायला लागला. अण्णा हसला नाही. त्यानं पुठ्ठा माझ्या छातीवर दाबला आणि म्हणाला, "खोरं सकाळी पोचतं करतो."

सुलभा तिथून घरी आलीच नाही. संध्याकाळभर शेडाशेडांतून फिरली. काय सांगत होती ते मला नंतर कळलं. मुरल्या उद्या सातला अड्ड्यावर उभा राहणार. ज्याची ज्याची झोप याच्या डॉल्बीनं मोडली, ज्याच्या पोराची परीक्षा गेली, ज्याच्या भिंतीला चीर गेली, त्यांनी या. विजेचा शब्दही काढला नाही. तिला माझं गाव माहीत आहे. माग वाचवायला मोर्चा काढला असता तर पन्नास माणसं आली असती आणि त्यातली वीस फोटो काढून गेली असती.

सोमवारी सातला मी अड्ड्यावर उभा राहिलो. गळ्यात पुठ्ठा, हातात अण्णाचं खोरं. रोजचे मजूर चार हात लांब सरकले. डोक्यावर ६१.

आधी कॅरमवाले आले. मग बायका. मग शेडमालक, आणि मालकच निघाले म्हटल्यावर कामगारही निघाले. चालू माग बंद करून माणसं आली. मी या गावात जन्मलो, पण अमावस्या सोडून त्या वेळेला एवढी शांतता मी ऐकली नव्हती. चौक भरला. रस्ते भरले. कुणीतरी सडका टोमॅटो मारला, तो पुठ्ठ्यावरच्या 'काम' या शब्दावर बसला.

"आता वाजव की रे डॉल्बी," एकजण ओरडला.

"माझा बाप दवाखान्यात हुता तवा सांगितलं हुतं आवाज कमी कर. काय म्हणालास? कापूस घाला म्हणालास."

मी मान खाली घालून सगळं गिळत होतो. इलाहीला माझी दया आली. तो गर्दीतनं वाट काढत पुढं आला. "बास झालं. चल मुरल्या, माझ्या गाड्यावरचे कप धुवायला माणूस पाहिजे. नेला मी ह्याला कामाला."

सुटलो. गर्दी कंटाळल्यासारखी हलायला लागली, मागचे वळायला लागले. मी खोरं टाकणार, तेवढ्यात माझी नजर सुलभावर पडली. अख्खा चौक माझ्याकडं बघत होता, ती एकटी बोर्डाकडं बघत होती.

मी वर बघितलं. ६०.

मग मी पायांकडं बघितलं. सगळ्या चौकातली माणसं उभी होती. या पायावरून त्या पायावर. मशीनला याच जागेवर शिकवलेलं उभं राहणं. शेड चालू धरली तरी उभा माणूस बेकारच धरला जात होता.

"कप तुझे तूच धू," मी इलाहीला म्हणालो. "मला असलं हलकं काम नको."

इलाहीचं तोंड पडलं. वळलेली माणसं थांबली.

"आणि निघालात कुठं?" मी खोरं आपटून ओरडलो. "तुमच्या सगळ्यांच्या वराती मी बघितल्यात. एकाला तालात नाचता येत न्हाई. भाऊसो, तुझा जावई नाचताना गटारात पडला, त्याचा व्हिडिओ माझ्याकडं हाय. लावू का? आणि गुजरी पट्टा खरं सांगायचं तर तुमच्यापेक्षा भारी. त्यांना निदान वाजवल्यावर हलता येतं."

टोमॅटो संपले, चपला आल्या. मागची माणसं पुढं घुसली, पुढची मागं रेटू लागली, जायचं नाव कुणी काढेना. मी एकेकाचं घर घेतलं. कुणाच्या हळदीत कोण रुसलं, कुठल्या पुढाऱ्याच्या सभेत माइकसमोर कोण शिंकलं, वीस वर्षं स्पीकरमागं उभा राहून गोळा केलेलं सगळं बाहेर काढलं. ५९. नवी शेड बंद पडली, आणखी माणसं आली. ५७. एक चप्पल कानाखाली बसली, डोळ्यांत पाणी आलं, तरी मी बोलतच होतो. घसा फाटला, तर म्हातारीचं सोंग काढून नाचून दाखवलं. माझ्या अंगावर थुंकायला म्हणून लोक रांगेत उभे राहिले, आणि मला त्या रांगेचं कौतुक वाटलं.

नऊ वाजले. बोर्डावरचा लाल आकडा एकदा लुकलुकला आणि हिरवा झाला. ५२. खाली अक्षरं आली : पक्की मोजणी.

कुणाच्या लक्षातही आलं नाही. फक्त अण्णाच्या आलं. तो बोर्डाकडं, मग सुलभाकडं, मग माझ्याकडं बघत राहिला. मग गर्दीला कोपरानं ढकलत माझ्यासमोर आला. मला वाटलं आता मिठी मारतो की काय.

"ए पुठ्ठा," तो म्हणाला. "शेडात काम हाय. येतोस?"

"काय काम?"

"भिंतीची चीर बुजवायची. वाळू तूच चाळायचीस."

"मजुरी?"

"चीर नीट बुजली तर चहा."

चौक पुन्हा हसला. मी खोरं खांद्यावर टाकलं. सुलभानं पहिल्यांदा माझ्याकडं बघितलं. गाड्यावरचं भांडण सोडलं तर पाच दिवसांनी बोलली. "उलटं धरलंय."

मी खोरं सरळ केलं, आणि गळ्यातला पुठ्ठा तसाच ठेवून, चपला-टोमॅटो तुडवत, अण्णाच्या मागं एका चालीत कामाला निघालो.